आजीच्या वहीतली ओवी बहिणाबाईंच्या नावावर फिरतेय. खरी कोणाची, हे शोधतात कसं?

शाळामास्तरीण_पारोळा :

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तळाशी फुईची शाळेतली वही निघाली (बाहेरच्यांसाठी : फुई म्हणजे आत्या). मोठी माय, म्हणजे माझी आजी, पहाटे जात्यावर बसायची आणि पाचवीतली फुई शेजारी कंदील घेऊन ओव्या उतरवून घ्यायची. मोजल्या, ६१ भरल्या. पुढचं पुठ्ठं गेलंय, मागच्यावर किंमत शाबूत आहे : २० नवे पैसे.

त्यातली एक :

जातं फिरस गरगर, पीठ पडस झरझर
देह मना सासरमा, जीव मायना घर

गेल्या आठवड्यात भाचीनं व्हॉट्सॲपवर कमळाचं चित्र पाठवलं. त्यावर हे :

जातं फिरे गरगर, पीठ पडे झरझर
देह माझा सासरात, जीव आईच्या घरी

खाली झोकात ‘कवयित्री : बहिणाबाई चौधरी’. घरात लगेच दोन पक्ष पडले. भाऊ म्हणतो, मायनं कुठंतरी बहिणाबाईंचं ऐकलं असणार. मी म्हणते, ओवी मायची. संशोधक लोक अशा वेळी पुरावा कशाला म्हणतात? माझं मन आधीच मायच्या बाजूला आहे, हे कबूल करून विचारते.

चाळीसगावकर :

ताई, यासाठी गणित आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं अठराव्या शतकात ८५ निबंध टोपणनावानं छापले गेले. त्यातल्या १२ निबंधांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांचाही दावा होता. १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी त्यातले बारके शब्द मोजले. विषयाचे नव्हेत, आपल्या ‘वर’, ‘पण’, ‘तर’सारखे, लिहिताना लक्षही जात नाही असे. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन ऊठसूट वापरायचा, मॅडिसन क्वचित. निकाल मॅडिसनच्या बाजूनं लागला. तुमच्या ६१ ओव्या टाइप करून पाठवा, प्रोग्रॅम मी लिहितो.

फैजपूरची_केळी :

प्रोग्रॅम कशाला, कान पुरेत. ‘फिरस’, ‘पडस’, ‘सासरमा’ ही अहिराणी झाली. बहिणाबाई आसोद्याच्या, जळगावात नांदल्या, त्यांची बोली आमची लेवा. त्यांच्या कवितेत ‘माझी’, ‘तुझं’ येतं. ‘मनी’, ‘तुनं’ तुम्हा अहिराणीवाल्यांचं. त्या फॉरवर्डात तर ‘आई’ आहे! आमच्याकडे ‘माय’ म्हणतात हो.

आणि एक राग आहे तो काढून घेते. लोक दोन बहिणाबाईंची एक करून ठेवतात. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, शिऊरच्या. आमच्या चौधरी १८८० च्या. अडीचशे वर्षांचं अंतर एका कमळाच्या चित्रात बुडवतात.

पोथीवाला_धुळे :

मास्तरीणबाई, धुळ्यात २२ वर्षं पोथ्यांच्या याद्या केल्या. त्यामुळे थोडं लांबेल, चालवून घ्या.

चाळीसगावकरांचं गणित खरं आहे, पण त्याला मजकूर भरपूर लागतो. दोन ओळींत ‘वर’ आणि ‘पण’ किती वेळा येणार? शिवाय ६१ ओव्या एकाच बाईच्या आहेत हे धरूनच ते मोजायला बसणार, आणि आपला वाद नेमका तोच आहे.

आधी वही. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला सुरू झाले आणि १९६४ मध्ये त्यातलं ‘नवे’ गेलं. म्हणजे पुठ्ठं त्या सात वर्षांत छापलेलं. आतलं लिखाण त्यानंतरचंही असू शकतं, कोरी वही माणूस दहा वर्षं जपून ठेवतो. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, त्यांच्या कविता १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांमुळे छापून आल्या. तेव्हा तुमचे भाऊ म्हणतात ते निव्वळ तारखेवरून खोडता येत नाही. वहीच्या जुनेपणावर नाचू नका.

आता पाठ, म्हणजे ओवीचे शब्द जसे लिहिलेले सापडतात ते. पोथी नकलताना माणूस चुकतो. आमच्या पोथ्यांच्या शेवटी नकलकार लिहूनच ठेवायचे, ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’, जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका. फॉरवर्ड करणारा एवढंही म्हणत नाही. पण त्या चुकाच आपल्या कामाच्या. दोन नकलांत एकच विचित्र चूक सापडली, तर दोन्ही बहुधा एकाच घरातून निघालेल्या. अशानं पोथ्यांची वंशावळ मांडता येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती शेकडो पोथ्या अशाच ताडून काढली. १९१९ मध्ये हात घातला, १९६६ मध्ये मूळ संहितेचं काम पुरं झालं. आपल्याला तेवढा वेळ लागणार नाही.

तुमच्या दोन पाठांत यमक बघा. वहीत ‘झरझर’ला ‘घर’ मिळतं. चित्रात ‘झरझर’ लटकत राहतं, ‘सासरात’ आणि ‘घरी’ हेही एकमेकांना मिळत नाहीत. अहिराणीचं पुस्तकी मराठी करताना कोणीतरी यमक सांडलंय. उलट प्रवास मला पटत नाही. मोडक्या यमकाची पुस्तकी ओवी कोणी अहिराणीत नेली आणि यमक आपोआप जुळलं, असं क्वचितच होतं. म्हणजे चित्र हे वहीच्या जातीच्या पाठातून निघालेलं. त्यावर बहिणाबाईंचं नाव नंतर चिकटलं. ओळखीच्या नावाकडे निनावी माल वाहत जातो. अभंगातली ‘तुका म्हणे’ ही मुद्रिका (कवीच्या नावाची खूण) बघा, ती कोणालाही जोडता येते, म्हणून अभ्यासक नुसत्या मुद्रिकेवर कधी विसंबत नाहीत.

बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण त्यांच्या कविता कोणी उतरवल्या हे माहीत आहे. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग. तोंडातून वहीत, वहीतून छापखान्यात, असा हात-हात दाखवता येतो. कमळाच्या चित्रामागे कोणता हात आहे?

मात्र इथवर ‘बहिणाबाईंची नाही’ एवढंच झालं. ‘मायची’ हे अजून झालेलं नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तिथं नोंद गाणारणीची आणि गावाची असते. रचली कोणी, या रकान्यात त्यांनी अंदाज भरले नाहीत. चाळीसगावकर, तुमच्याच तालुक्यात पाटणचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा हा १२०७ सालचा लेख. मधली सगळी पिढीजात नावं त्यात आहेत. आणि भास्कराचार्यांनी स्वतःच ग्रंथात जन्मशक १०३६ लिहून ठेवला. राजाश्रय असला की नाव दगडावर जातं. जात्याचाही दगडच, पण त्यावर कोणी काही कोरलं नाही.

तेव्हा दोन कामं करा. या ओवीच्या जितक्या नकला सापडतील तितक्या, कोणत्या तारखेला कोणाकडून आल्या त्यासह, जमवा. आणि फुई हयात असतील तर त्यांना विचारा. पण ‘ही मायचीच ना?’ असं विचारू नका. ‘ही कशी लिहिलीस?’ असं विचारा.

शाळामास्तरीण_पारोळा :

दोन्ही केलं.

नकला सात मिळाल्या. पाचांत ‘सासरात… घरी’, अक्षर न् अक्षर सारखं, ‘झरझर’नंतरचा स्वल्पविरामसुद्धा. दोनांत मात्र ‘देह माझा सासरी, जीव आईच्या घरी’. ते दोन्ही एकाच भिशीच्या ग्रुपमधून आलेत.

फुई सुरतला असते, ७४ वर्षांची. फोनवर अर्धा तास पाणी कधी येतं, सून काय करते, ते झालं. मग विचारलं, कशी लिहिलीस. म्हणाली, त्या पहाटे मोठी फुई सासरहून आलेली होती. जात्याला दोघी समोरासमोर बसल्या, खुंट्याला दोघींचे हात. पहिली ओळ माय म्हणायची, ती तर गल्लीतल्या सगळ्याच म्हणायच्या. दुसरी ओळ माय रोज वेगळी जोडायची. त्या दिवशी माय थांबली आणि समोरून मोठ्या फुईनं जोडली. “ती दुसरी ओय तुनी मोठी फुईनी शे, मायनी नही,” असं स्वच्छ सांगितलं. मायनं जातं थांबवलं आणि तिच्याकडे बघत राहिली, हेही सांगितलं. मग फोनवर कोणीच बोलेना.

मोठ्या फुईला मी फोटोतच पाहिलंय. मायचं नाव लावायला निघाले होते. भाऊ हसतोय.

फैजपूरची_केळी :

हसू द्या त्याला. मोठ्या फुईंचं माहेरचं नाव लावणार की सासरचं?

पोथीवाला_धुळे :

भिशीवाल्यांच्या पाठात कोणीतरी मोडलेलं यमक शिवलंय. पोथ्यांतही असे शहाणे नकलकार भेटतात, चुकणाऱ्यांपेक्षा तेच जास्त फसवतात. दुरुस्त केलेलं स्वच्छ दिसतं ना.

आणि ‘पाचवीतल्या पोरीनं लिहिलं म्हणजे मायचं’ असं मीही मनात धरून बसलो होतो. यमकावरून वहीचा पाठ चित्राच्या आधीचा ठरतो, कर्ती ठरत नाही. ७४ वर्षांच्या बाईची ६० वर्षांपूर्वीची आठवण म्हणजे शिलालेख नव्हे, पण माय आणि मोठी फुई यांतली कोण, हे सांगणारी दुसरी साक्ष आपल्याकडे नाही. फुईंचं बोलणं त्यांच्याच शब्दांत, अहिराणीतच, वेगळ्या कागदावर आजच्या तारखेनं उतरवा. वहीत काही लिहू नका, पेन्सिलीनंसुद्धा. उरलेल्या ६० ओव्यांचंही एकेक करून विचारा, एका फोनला पाचांपेक्षा जास्त नको, थकतील.

शाळामास्तरीण_पारोळा :

दुसरी ओवी विचारली काल. म्हणाली, “ती मी मनमाच जोडेल व्हती, मायले सांगं नही.”