शब्दचर्चा: पाककृतीतला ‘कप’ म्हणजे नक्की किती?

प्रश्न: केकच्या पाककृतीत ‘१ कप दूध’ लिहिलंय. आमच्या कोल्हापुरात कप म्हटलं की चहाचाच. घरात गोकुळची अर्ध्या लिटरची पिशवी आहे, त्यातलं किती घेऊ? आणि मराठीत लिहिताना ‘वाटी’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर: ताई, हा कप म्हणजे भांडं नव्हे, माप आहे. तेही देशागणिक बदलतं. अमेरिकेतला कप २३६.६ मिली, तिथल्याच पाकिटांवरच्या पोषणतक्त्यात तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. आपल्या बाजारातल्या मापाच्या कपांवर आकडा असतो, तो आधी बघा. २४० आणि २५० मधला फरक १० मिलीचा, म्हणजे ५ मिलीचे दोन चमचे. एका कपाला तेवढ्यानं बिघडत नाही. पिशवीतून २५० चे बरोबर दोन कप निघतील, २४० चे दोन भरून २० मिली उरेल.

‘वाटी’ मात्र लिहू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आमटीची वाटी वेगळी, पांढऱ्या रश्श्याची वेगळी. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, इथं ती शोभते, कारण दोन्हीकडं वाटी एकच. पण मैदा ग्रॅममध्ये आणि दूध वाटीत दिलं की प्रमाण गेलं. वाटीच वापरायची असेल तर तीच पिशवी पातेल्यात ओतून वाटीनं काढून बघा. तीन वाट्या काठोकाठ भरून थोडं उरलं, तर वाटी दीडशे मिलीच्या आसपासची.

आणखी एक उत्तर: ‘पावशेर’ का नको? ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, त्याचा पाव २३३. तेवढं पाणी अमेरिकन कपापेक्षा जेमतेम तीन-चार मिलीनं कमी!

उत्तर: हिशेब सुरेख जुळतो, पण आता मंडईत पावशेर म्हणजे पाव किलो. शिवाय ते वजन. पाण्याला चालेल, तेलाला नाही: लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, त्यामुळं पावशेर तेल २५० मिलीच्या कपात मावणारच नाही, वर चांगलं पाच चमचे उरेल. म्हणून ‘१ कप (२४० मिली)’ असंच लिहावं.