शब्दचर्चा : फॅसिझम, फाशीवाद आणि पॉप्युलिझम

प्रश्न : हल्ली कुठल्याही हेकेखोर नेत्याला सरसकट ‘फॅसिस्ट’ म्हणतात. शब्द मुळात कुठला? ‘फाशीवाद’ असंही वाचलं. त्याचा फाशीशी काही संबंध?

— काडीचाही नाही. इटालियनमध्ये ‘फाशो’ म्हणजे जुडी, मोळी, त्यावरून संघटना. अनेकवचन ‘फाशी’, त्यामुळे फाशीवाद उच्चाराला तरी बरोबरच! गंमत म्हणजे १८९०च्या दशकात सिसिलीतल्या शेतकरी-मजुरांच्या संघटनांना ‘फाशी’ म्हणत, आणि त्या चक्क समाजवादी वळणाच्या होत्या. काठ्यांच्या जुडीत खोचलेली कुऱ्हाड हे प्राचीन रोमचं सत्ताचिन्ह इटलीच्या हुकूमशहा मुसोलिनीने उचललं.

— व्युत्पत्ती ठीक, पण अर्थ घडला तो १९१९ नंतर. मार्चमध्ये मिलानला मुसोलिनीने फॅसिस्ट संघटना काढली आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत सपाटून मार खाल्ला. बळ मिळालं ते उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात. शेतमजुरांच्या संपांनी हैराण झालेल्या बड्या जमीनदारांनी पैसा पुरवला. काळ्या शर्टातल्या फॅसिस्ट टोळ्या ट्रकमधून येत, मजूर संघांची कार्यालयं जाळत, कार्यकर्त्यांना बळजबरीने एरंडेल पाजत. पोलीस बहुधा बघ्याच्या भूमिकेत. १९२१ला पंतप्रधान जोलित्तीने फॅसिस्टांना आपल्या आघाडीत घेतलं, म्हणे माणसाळवू! पुढच्या वर्षी रोमवर मोर्चा निघाला, राजाने लष्करी कायद्यावर सही नाकारली आणि मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या गाडीने पंतप्रधान व्हायला आला. १९२३चा कायदा तर बघा : पहिल्या आलेल्या पक्षाच्या किंवा आघाडीच्या यादीला २५ टक्के मतं मिळाली की दोनतृतीयांश जागा. १९२४च्या निवडणुकीतल्या दंडेलीवर संसदेत बोलणाऱ्या मात्तेओत्ती या समाजवादी खासदाराचा त्याच जूनमध्ये खून झाला. १९२६पर्यंत विरोधी पक्षच उरले नाहीत.

— मग इटलीच्या मेलोनी, हंगेरीचे ओर्बान अशा अलीकडच्या नेत्यांना काय म्हणायचं?

— मेलोनींच्या पक्षाच्या चिन्हातली तिरंगी ज्योत १९४६ला मुसोलिनीच्या अनुयायांनी काढलेल्या पक्षाची आहे, म्हणजे वंशावळ खरी. पण एरंडेल पाजणाऱ्या टोळ्या नाहीत, विरोधक संसदेत बसतात. ओर्बान यांनी २०१०मध्ये दोनतृतीयांश बहुमत मिळवलं आणि त्या जोरावर राज्यघटना बदलली, माध्यमं ताब्यात घेतली. निवडणुका मात्र बंद केल्या नाहीत. मी दोघांनाही फॅसिस्ट म्हणणार नाही. अतिउजवा पॉप्युलिझम म्हणेन.

— त्याला मराठीत ‘लोकानुनय’ आहे की.

— नको. लोकानुनय म्हटलं की फुकट वीज आणि कर्जमाफी आठवते. इथे दावा वेगळा आहे : खरी जनता म्हणजे आम्हीच, बाकीचे उपरे.