कस्टमरला दोन पर्याय देताना इंग्लिशमध्ये नीट कसं विचारायचं?

हिंजवडीकर:
मंडळी, मी कस्टमर सपोर्टला आहे, सगळे कस्टमर युकेचे, चॅट पण असतं आणि कॉल पण. वस्तू खराब निघाली की विचारावं लागतं पैसे परत पाहिजेत की बदलून देऊ. मी लिहितो 'यू वॉन्ट रिफंड ऑर एल्स रिप्लेसमेंट?' लीड म्हणतात उर्मट वाटतं, पण का ते सांगत नाहीत. काय खटकतंय यात?

मिरजेची:
पहिलं ते 'ऑर एल्स' काढा दादा. आपण चहा घ्या नाहीतर सरबत घ्या असं सहज म्हणतो, कुणाला काही वाटत नाही, पण तिकडे अशा ठिकाणी 'ऑर एल्स' म्हटलं की दमदाटीचा सूर लागतो, मुकाट्याने ऐक नाहीतर बघ, असा. नुसतं 'ऑर' पुरे. 'वुड यू लाइक अ रिफंड ऑर अ रिप्लेसमेंट?' दोन्हीकडचा 'अ' खाऊ नका. प्रश्नात 'आयदर' पण नकोच, ते सांगताना छान बसतं: 'वी कॅन आयदर रिफंड यू ऑर सेंड अ रिप्लेसमेंट, व्हिचेवर यू प्रिफर.' मेलमध्ये तर मला हेच जास्त आवडतं, समोरच्यावर प्रश्न टाकल्यासारखं होत नाही.

जुना_मास्तर:
वरचं बरोबर. कॉलवर मात्र शब्दांइतकाच आवाज महत्त्वाचा, हे कुणी शिकवतच नाही. 'रिफंड'वर सूर वर न्यायचा (जोरात बोलायचं नाही) आणि 'रिप्लेसमेंट'वर खाली आणायचा, म्हणजे कळतं की दोनच पर्याय आहेत, एक निवडा. दोन्हीकडे सूर वर नेलात तर तो हो-नाहीचा प्रश्न होतो, मग समोरचा 'येस प्लीज' म्हणतो आणि तुम्ही विचारत बसता, येस म्हणजे काय पाहिजे. अजून एक, 'वुड यू रादर'नंतर 'टू' येत नाही, 'वुड यू रादर हॅव अ रिफंड?' असंच. 'प्रिफर' असेल तर 'वुड यू प्रिफर टू हॅव'.

हिंजवडीकर:
भारी, आवाजाचं तर डोक्यातच आलं नव्हतं. पण बरेच जण 'आय डोन्ट माइंड' म्हणून मोकळे होतात, तेव्हा काय करू?

मिरजेची:
ब्रिटिश माणूस असं म्हणाला म्हणजे दोन्ही चालेल, चिडलाय वगैरे काही नाही. परत तोच प्रश्न विचारू नका, तुम्हीच एक सुचवा: 'शॅल आय सेंड यू अ रिप्लेसमेंट, देन?'