मदत हवी आहे: चेस्टनट घरी भाजताना फुटतायत आणि साल निघता निघत नाहीये

मंडळी, जर्मनीत मानहाइमला येऊन दीड वर्ष झालं. गेल्या डिसेंबरात ख्रिसमस मार्केटमध्ये कागदी पुडीतले गरमागरम भाजलेले चेस्टनट खाल्ले, इथे त्यांना मारोनेन म्हणतात, आणि चटकच लागली. पण पुडीत मोजून आठ-दहा दाणे आणि पैसे बघितले तर पोटात गोळा. म्हणून काल सुपरमार्केटमधून जाळीच्या पिशवीतले अर्धा किलो आणले, दोन व्हिडिओ बघितले, प्रत्येकाच्या टोकाला इवलीशी चीर दिली आणि 200 डिग्रीला ओव्हनमध्ये सरकवले. दहा मिनिटांत फाट्टकन आवाज! धावत जाऊन बघते तर काचेला आतून पिवळट भुगा चिकटलेला, तेवढ्यात अजून दोन फुटले. उरलेले काढून गार व्हायला ठेवले आणि फोनवर बोलत बसले, अर्ध्या तासाने सोलायला घेतले तर वरचं कडक साल निघालं पण आतलं तपकिरी केसाळ सालपट असं चिकटलेलं की नखात जाऊन नखं दुखायला लागली आणि हातात आला नुसता चुरा. त्यात चार-पाच आतून हिरवट-काळे, एकात तर चक्क पांढरी गुबगुबीत अळी. नवरा म्हणाला, दाणे भाज शेंगदाणे.

तर घेताना बघायचं काय आणि चुकतंय कुठे? एअर फ्रायरमध्ये होतात का? आणि मुलगा शाळेच्या वाटेवरच्या झाडाखालून असेच चकचकीत तपकिरी खिसे भरभरून आणतोय, ते फुकटचे भाजले तर चालतील ना? (आई विचारतेय उपासाला चालतात का, तेही सांगा.)

प्रतिसाद, रानवाट:
अगं थांब, आधी मुलाच्या खिशातले बाजूला काढ!! रस्त्याकडेला आणि बागेत असतात ते बहुतेक घोडा-चेस्टनट, रोसकास्टानीए. ते विषारी, भाजून उकडूनही खायचे नाहीत, उलट्या-जुलाब होतात. ओळख सोपी आहे, खायच्या चेस्टनटला एका बाजूला टोक असतं आणि टोकावर वाळकी शेंडी, घोड्याचा मात्र गोल गरगरीत, गोटीसारखा. झाडाखाली पडलेलं बोंड बघ, खायच्याचे काटे बारीक आणि इतके दाट की हात लावला तर सुया टोचतात, दुसऱ्याचं बोंड हिरवं जाड आणि त्यावर तुरळक जाड काटे. पानंही वेगळी, खायच्याचं पान एकेकटं, लांबट, करवतीसारख्या कडेचं, घोड्याची पाच-सात पानं पंजासारखी एकत्र. मुलाला काड्या टोचून बाहुल्या करायला दे, इथली पोरं तेच करतात. खरे वेचायचे तर र्‍हाईन ओलांडून फाल्झच्या जंगलात जा, तुमच्यापासून लांब नाही, तिकडे त्यांना केश्डे म्हणतात आणि ऑक्टोबरात नव्या वाइनसोबत खातात. मात्र खाजगी बागेत शिरू नका.

प्रतिसाद, आठळीप्रेमी:
मी मूळची देवगडची, आता इटलीत, दर थंडीत भाजते. माझं म्हणणं, याला काजू-बदामासारखा सुकामेवा समजूच नका, ही आपली फणसाची आठळी समजा. तेल जवळजवळ नाही, सगळा पिठूळपणा, आणि ताज्या दाण्यात निम्मं पाणी. आठळी निखाऱ्यात न चिरता टाकली तर काय होतं? फुटते! आत वाफ कोंडते. तुमची चीर टोकाला आणि इवलीशी, तिने काय होणार. सपाट बाजू खाली ठेवून फुगीर बाजूवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी चीर द्यायची, वरच्या सालाबरोबर आतलं सालपटही कापलं गेलं पाहिजे. करवती दातांची छोटी सुरी घ्या, गुळगुळीत सुरी घसरते आणि बोट कापतं (माझं कापलंय). मग अर्धा तास पाण्यात, निथळून 200 ला वीस-पंचवीस मिनिटं, चीर उकलून साल मागे वळलं की झालं.

आणि गार होऊ द्यायचे नाहीत हो! तिथेच तुमचं बिनसलं. काढल्या काढल्या जाड पंच्यात गुंडाळायचे, वरून जरा दाबायचे, साल कुरकुरतं, पाच-दहा मिनिटं तसेच, मग हात पोळत पोळतच सोलायचे, एकेक बाहेर काढून. गार झाला की सालपट गच्च धरतं, तेव्हा परत गरम करा. मारोने जातीचे मिळाले तर त्यांचं सालपट दाण्याच्या घड्यांत कमी शिरतं, म्हणून महाग, पण सगळेच दुकानदार सगळ्यांनाच मारोनेन म्हणतात त्याला इलाज नाही.

घेताना सुटे घ्या, जाळीतले नको, हातात घेऊन बघता येतात. जड, टणक, चकचकीत हवा. अंगठ्याने दाबल्यावर साल आत गेलं किंवा कानाशी हलवून खुळखुळला तर आतला दाणा सुकलाय. टाचणीएवढं भोक दिसलं तर नको, ते अळी बाहेर पडल्याची खूण. पण भोक नाही म्हणजे अळी नाही असं मुळीच नाही, भुंगेरा झाडावरच असताना अंडं घालतो, अळी आतच वाढते. म्हणून घरी पाण्यात टाकून बघा, तरंगतील ते फेका. हेही शंभर टक्के नाही, पण बरेच गळतात. आतून हिरवा-काळा निघाला तर तेवढा भाग कापून खायचं नाही, आख्खा टाकायचा. ठेवायचे फ्रिजमध्ये, हवा लागेल अशा पिशवीत, बाहेर राहिले तर सुकतात नाहीतर बुरशी.

प्रतिसाद, नुसतावाचक:
एअर फ्रायरला 190-200, पंधरा मिनिटं, मध्ये एकदा हलवा. चीर तिथेही हवीच. कोणाला लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर जपून, चेस्टनटनेही त्रास होऊ शकतो. उपासाचं म्हणाल तर शिंगाडा चालतो, रताळं चालतं, याचं काय बिघडलंय, पण अंतिम निर्णय आईंचा :)

धागाकर्ती:
सगळ्यांना खूप थँक्यू! मुलाचे सगळे काढून घेतले, तोंड फुगवून बसलाय. आज बाजारातून सुटे 24 आणले, तीन तरंगले. उरलेल्या 21 ला आडवी चीर, पाणी, ओव्हन, पंचा, सगळं जसंच्या तसं. सालपटासकट टोपीसारखं साल निघत होतं, उभ्या उभ्याच संपवले. आईने व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं, एकादशीला चालेल. आणि हो, एक फुटलाच, मोजताना कळलं चिरायचा राहिला होता.