अनुभव धागा: फौजी कुटुंबाचं परदेशातलं पोस्टिंग

बदलीचा आदेश एकाच्या नावाने निघतो, पण बिऱ्हाड सगळ्यांचं हलतं. देशातल्या बदल्या आपल्या अंगवळणी पडलेल्या असतात: काळ्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव-नंबर, नव्या क्वार्टरला जुनेच पडदे. परदेशात ही सवय फार पुरत नाही. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी इथे लिहावं. छावणीच्या फाटकाबाहेर पहिली ओळख कशी झाली, हे आवर्जून सांगा. माझ्या मते रुळणं तिथूनच सुरू होतं.

सुरुवात मी करते. ह्यांचं पोस्टिंग भूतानला, ‘इमट्राट’मध्ये झालं. भारतीय सेनेचं हे पथक १९६२ पासून तिथल्या फौजेला प्रशिक्षण देतं. मुख्यालय ‘हा’ नावाच्या गावी, सुमारे २,७०० मीटर उंचीवर. तूरडाळ कुकरशिवाय शिजायची नाही, विरजण बुखारीजवळ (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीजवळ) ठेवलं तरच लागायचं. तिथे रुपया चालतो, हिंदी पुष्कळांना कळते, म्हणून भूतान परदेश वाटतच नाही असं लोक म्हणतात. मला वाटला. पहिला हिवाळा अर्धा होईपर्यंत मी छावणीतल्या बायकांपलीकडे कुणाशी बोललेच नव्हते.

मग लोंबा आला, म्हणजे ‘हा’ खोऱ्यातलं नववर्ष. किराणा दुकानवाल्या बाईंनी होएंते करायला घरी बोलावलं. कुट्टूच्या पिठाची पारी, आत सलगमचा पाला आणि चीज, आणि मग वाफवायचं. मी करंजीला घालतो तशी मुरड घालून कड बंद केली. बाईंनी तो होएंते उचलून सासूबाईंना दाखवला, सासूबाईंनी कड बोटाने चाचपली आणि पिठाची परात माझ्यापुढे सरकवली. छावणीत मी अमक्या साहेबांची मिसेस होते. त्या चुलीपाशी ह्यांचा हुद्दा कुणी विचारला नाही, आणि मला ते फार हवं होतं.

योकोसुका, जपान
माझा नवरा अमेरिकन नौदलात आहे, मी मूळची नाशिकची. तळाच्या आत डॉलर, अमेरिकन दुकान, अमेरिकन शाळा. फाटक ओलांडलं की येन आणि जपानी पाट्या. बाकीच्या बायका डाव्या बाजूने गाडी चालवायला बिचकायच्या, मला ते सोपं गेलं, त्यामुळे शेजारणींना बाहेर न्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. इथली ‘नेव्ही करी’ प्रसिद्ध आहे, जरा गोडसर असते. लेकीला ती माझ्या आमटीपेक्षा आवडते, याचं मला आता वाईट वाटत नाही.

खरा कस जहाज बाहेर असताना लागतो. परतीची तारीख फोनवर बोलायची नाही, कुठे लिहायची नाही. माझे आई-बाबा नाशिकला. त्यांना “जावई कधी येणार?” याचं उत्तर देता येत नाही आणि त्यांना ते लपवणं वाटतं. त्यांना आधीच नीट समजावून ठेवा. भूकंप आला तर मुलं कोण आणणार, हेही शेजारणीशी ठरवून ठेवा.

मॉस्को (आता पुणे)
मी त्या कुटुंबातलं मूल. बाबा दूतावासात संरक्षण विभागात होते. मॉस्कोत केंद्रीय विद्यालय आहे, त्यामुळे अभ्यासक्रम तोच राहिला. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडायचा. टोपी न घालता दिसलो की रस्त्यातल्या अनोळखी आजीबाई आईलाच रागवायच्या. आईला त्यातच माहेरची माणसं भेटायची. मला जड गेलं ते परत येणं. नव्या वर्गात मी कुठला, हे कुणाला कळेना. पालकांनो, जाण्याची तयारी करता तशी परतीचीही करा. मुलांना तिकडच्या मित्रांशी बोलत राहू द्या.

बदलीच्या वाटेवर, सातारा
ताई, आम्ही ‘हा’लाच निघालोय. मुलगी पाच वर्षांची. काय न्यावं?

धागाकर्ती
अरे वा! कुकरच्या जादा रिंगा, गोडा मसाला, मुलीचे लोकरी मोजे. सीमेवरच्या फुंतशोलिंग गावाहून वर जाताना वळणं फार आहेत, तिला भरपेट खाऊ घालू नका. तिकडचं घड्याळ अर्धा तास पुढे असतं. आणि पोचल्यावर मला कळवा, दुकान कुठे आहे ते सांगते.