मदत हवी आहे: पायरेट्सचे मायनर लीगमधले खेळाडू कसे पाहायचे? कॉनर ग्रिफिन वर कधी येईल?

नमस्कार मंडळी,

पिट्सबर्गच्या आसपास राहणाऱ्या किंवा बेसबॉल नेमाने पाहणाऱ्या जाणकारांची मदत हवी आहे. माझा लेक सहावीत आहे आणि पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा कट्टर चाहता आहे. मुख्य संघाची अवस्था तुम्हाला ठाऊकच आहे. २०२५ मध्ये ७१ सामने जिंकले, ९१ हरले. प्लेऑफचं तोंड २०१५ नंतर पाहिलेलं नाही, शेवटची वर्ल्ड सीरिज १९७९ ची. पॉल स्कीन्ससारखा पिचर (चेंडू टाकणारा) आहे, त्याला एकमताने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, पण नऊ इनिंगमागे दोनपेक्षा कमी धावा देऊनही त्याच्या खात्यावर दहा विजय आणि दहाच पराभव. बॅटिंगची साथच नाही! त्यामुळे इथले चाहते आजच्या संघापेक्षा खालून येणाऱ्या पोरांबद्दलच जास्त बोलतात, आणि आमच्या घरीही तेच चालतं.

मी दादरला वाढले. रणजीत धावा काढल्या की कधीतरी भारताची टोपी मिळते, हे गणित मला कळतं. इथलं गणित मात्र हाताला लागत नाही. ग्रिफिन या होतकरू खेळाडूने २०२५ मध्ये मायनर लीगच्या, म्हणजे मुख्य संघाच्या हाताखालच्या, तीन पातळ्यांवर मिळून १२२ सामन्यांत .३३३ ची सरासरी (दर तीन प्रयत्नांत साधारण एक हिट), २१ होमरन आणि ६५ चोरलेले बेस (पिचरला गुंगारा देऊन पळत गाठलेला पुढचा बेस) अशी कामगिरी केली. वय १९. तरीही तो सप्टेंबरमध्ये वर, म्हणजे मुख्य संघात, आला नाही. बब्बा चँडलर हा तरुण पिचर ताशी १०० मैलांच्या आसपास चेंडू टाकतो, पण त्यालाही ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत इंडियानापोलिसच्या खालच्या संघात ठेवलं. लेक विचारतो, "आई, मग थांबलेत कशासाठी?" आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

तर मला हे समजून घ्यायचं आहे. आकडे पाहून खेळाडू खरोखर चांगला आहे हे कसं ओळखायचं? वर बोलावण्यामागे पैशाचा हिशेब असतो म्हणतात, तो नेमका काय? आणि २०२६ च्या एप्रिल-मे मध्ये ग्रिफिनला प्रत्यक्ष पाहायचं तर अल्टूनाला जावं की इंडियानापोलिसला? पोराला घेऊन जायचं आहे, म्हणून जरा तपशिलात सांगा. आगाऊ आभार.

प्रतिसाद (पिट्सबर्ग, बरीच वर्षं इथेच)

ताई, धागा काढलात ते बरं झालं. रणजीचं उदाहरण सुरुवातीला उपयोगी पडतं, पण एका ठिकाणी दिशाभूल करतं. मुंबईला रणजी जिंकायची असते. अल्टूना कर्व्ह हा पायरेट्सच्या हाताखालचा संघ जिंकावा असं अल्टूनाच्या लोकांना मनापासून वाटतं, पण तिथले खेळाडू, कोच, कुणी किती इनिंग टाकायच्या हे सगळं पायरेट्सच्या हातात असतं. पिचर उत्तम टाकत असला तरी ठरलेले चेंडू संपले की त्याला बाहेर काढतात, सामना गेला तरी चालेल. म्हणून तिथे निकालाकडे पाहू नका.

२०२१ पासून प्रत्येक मेजर लीग (सर्वोच्च पातळीच्या) संघाखाली चार पायऱ्या आहेत. पायरेट्सच्या खालून वर अशा: ब्रॅडेंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना (डबल-ए), इंडियानापोलिस (ट्रिपल-ए). त्याखाली फ्लोरिडातली कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. ग्रिफिन २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) नववा, मिसिसिपीतल्या शाळेतून थेट आलेला. २०२५ मध्ये त्याने ब्रॅडेंटनला सुरुवात केली, मग ग्रीन्सबरो, आणि शेवटचे २१ सामने अल्टूनाला.

आकडे वाचताना मी आधी वय बघतो, सरासरी नंतर. अल्टूनाच्या पातळीवर बहुतेक मुलं २३-२४ वर्षांची, कॉलेज करून आलेली असतात. त्यांच्यात १९ वर्षांचा पोरगा .३३७ ने खेळतो ही मोठी गोष्ट आहे. तेच आकडे २५ वर्षांच्या खेळाडूचे असते तर मी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं. दुसरं, मैदान. ग्रीन्सबरोचं मैदान बॅटरला फार धार्जिणं आहे, तिथे साधे उंच फटकेही कुंपणापार जातात. तिथल्या होमरनवर विसंबू नका. ग्रिफिनच्या बाबतीत मला भरवसा वाटतो तो यासाठी की पायरी बदलली, मैदान बदललं, तरी त्याची सरासरी तिन्ही ठिकाणी जवळपास तीच राहिली. शिवाय सहा फूट चार इंचाचा मुलगा शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या, चपळाई लागणाऱ्या जागेवर) खेळतो आणि इतके बेस चोरतो. त्याचे पाय कुठल्याही मैदानावर तेवढेच वेगात पळणार.

तरी सावध असा. २०२१ ला संपूर्ण ड्राफ्टमधला पहिला खेळाडू आपणच घेतला होता, हेन्री डेव्हिस. मायनर लीगमध्ये बॅट चालली, वर आल्यावर आजतागायत चाललेली नाही. कॅचर म्हणून तो सुधारला, स्कीन्सलाही तो सांभाळून घेतो, पण ज्यासाठी घेतला ती बॅट दिसली नाही. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचं हे होतं, तर बाकीच्यांचं काय सांगावं.

प्रतिसाद (इंडियानापोलिस)

चँडलरबद्दल मी लिहितो, कारण त्याला आमच्या व्हिक्टरी फील्डवर पाहिलंय. डगआऊटच्या मागे बसलं की त्याचा फास्टबॉल ग्लोव्हमध्ये आपटतो तो आवाज बाकीच्या पिचरांपेक्षा वेगळाच येतो, शेजारचे लोक बोलता बोलता थांबतात. पण त्याच डावात तीन बॉल बाहेर, मग एक मधोमध, असंही चालायचं. २०२५ च्या मध्यावर त्याचे वॉक (चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला फुकटात मिळणारा पहिला बेस) वाढले होते. ट्रिपल-ए मध्ये बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्याला हात लावून पंचाच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतो, मग मोठ्या पडद्यावर चेंडू कुठून गेला ते दिसतं. तिथे कडेचे स्ट्राइक फुकटात मिळत नाहीत. हीच पद्धत २०२६ पासून मेजर लीगमध्येही आहे, त्यामुळे तिथे शिकलेलं वाया जाणार नाही.

म्हणजे "अजून ताबा यायचाय" हे संघाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण तेवढंच खरं होतं असंही मला वाटत नाही. आता तारखा पाहा. तो २२ ऑगस्टला कोलोरॅडोविरुद्ध आला, चार इनिंग एकही धाव न देता टाकल्या आणि पहिल्याच सामन्यात सेव्ह (आघाडी शेवटपर्यंत टिकवल्याची नोंद) मिळवला. हंगाम २८ सप्टेंबरला संपला. म्हणजे ३८ दिवस. मुख्य संघाच्या यादीत ४५ दिवस भरले, किंवा पिचरने ५० इनिंगपेक्षा जास्त टाकल्या, की नवखेपणाचा दर्जा जातो. चँडलरचे दिवसही कमी भरले आणि इनिंगही एकतीसच झाल्या. म्हणून २०२६ मध्ये तो अजून नवखाच धरला जाईल.

याचा संघाला फायदा असा: गाजलेल्या शंभर प्रॉस्पेक्टमधला (होतकरू मुलांमधला) नवखा खेळाडू हंगामाच्या सुरुवातीपासून वर ठेवला आणि त्याने रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) जिंकलं, तर संघाला ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीनंतर एक जादा खेळाडू घेता येतो. २०२२ च्या करारात हे कलम आलं. सिएटलला हुलिओ रॉड्रिगेझमुळे असा खेळाडू मिळाला.

प्रतिसाद (न्यू जर्सी)

पैशाच्या हिशेबाबद्दल. मुळाशी १७२ हा आकडा आहे. हंगाम साधारण १८७ दिवसांचा, त्यातले १७२ दिवस मेजर लीगमध्ये भरले की एक वर्षाची सेवा धरतात. अशी सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू मोकळा, हव्या त्या संघाशी करार करू शकतो. आता एखाद्या मुलाला एप्रिलमध्ये दोन-तीन आठवडे खाली ठेवलं तर ते वर्ष पुरं भरत नाही, आणि संघाला तो जवळपास सात वर्षं मिळतो. पहिली सुमारे तीन वर्षं पगारही किमान दराच्या आसपासच असतो, २०२५ मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता. पायरेट्ससारख्या हात आखडून खर्च करणाऱ्या मालकाला या जादा वर्षाचा मोह होणारच.

आणि खालची बाजूही लेकाला जरूर सांगा. २०२३ च्या कराराआधी डबल-ए मधल्या मुलाला वर्षाला १३,८०० डॉलर मिळायचे! करारानंतर ते ३०,२५० झाले, ट्रिपल-ए मध्ये ३५,८००. ग्रिफिनला ड्राफ्टच्या वेळीच ६५ लाख डॉलर मिळाले, त्याची काळजी नको. पण अल्टूनाच्या त्याच डगआऊटमध्ये शेवटच्या फेऱ्यांत घेतलेला, घरभाडं वाटून घेणारा मुलगा बसलेला असतो. त्याला महिनाभर आधी वर बोलावणं म्हणजे वर्षभराच्या पगाराहून जास्त पैसे. एखाद्याला मुद्दाम थांबवलं जातं तेव्हा मला राग येतो तो या कारणासाठी.

स्कीन्सच्या बाबतीत मात्र संघाचा हा डाव चालला नाही. २०२३ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, वर आणला तो ११ मे २०२४ ला. त्याने रूकी ऑफ द इयर जिंकलं, आणि नव्या नियमाने त्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते. जादा वर्ष हातचं गेलं, आणि हंगामाच्या सुरुवातीला तो यादीत नसल्यामुळे ड्राफ्टमधला जादा खेळाडूही मिळाला नाही.

धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद! वयाचा मुद्दा मी कधी लक्षातच घेतला नव्हता. लेकाने लगेच अल्टूनाच्या सगळ्या खेळाडूंची वयं वहीत उतरवून काढली.

अजून दोन गोष्टी विचारते. रूल ५ ड्राफ्ट हे नाव सारखं कानावर पडतं, ते काय आहे? आणि पायरेट्सकडे दोन भारतीय पिचर होते असं मंडळात एका काकांनी सांगितलं. खरं आहे का?

प्रतिसाद (पिट्सबर्ग)

रूल ५ समजून घ्याच, कारण आपल्या क्लबचा सगळ्यात लाडका खेळाडू त्यातूनच आला. संघाने मुलगा १८ किंवा त्याहून कमी वयात घेतला असेल तर पाच हंगाम, १९ किंवा पुढचा असेल तर चार हंगाम. तेवढ्या काळात त्याला ४० जणांच्या यादीत घातलं नाही, तर डिसेंबरमध्ये दुसरा कुठलाही संघ एक लाख डॉलर भरून त्याला नेऊ शकतो. अट एवढीच की पुढचा पूर्ण हंगाम त्याला मुख्य संघात ठेवायचं, नाहीतर आधीच्या संघाला परत घ्यायची संधी द्यायची. चांगला खेळाडू खालच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं कुजू नये, म्हणून ही सोय.

१९५४ साली ब्रुकलिन डॉजर्सने एका पोर्तो रिकन मुलाला माँट्रियलच्या संघात ठेवलं होतं. त्याला फार खेळवतही नव्हते. नियम तेव्हा थोडे वेगळे होते, पण याच ड्राफ्टमधून पायरेट्सने त्याला उचललं. तो रॉबर्टो क्लेमेंटे. बरोबर ३००० हिट, आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून गेला. पायरेट्सच्या मैदानाला, पीएनसी पार्कला जाताना जो पिवळा पूल ओलांडता, त्याला त्याचंच नाव आहे. लेकाला पुढच्या वेळी पुलावर थांबवून हे सांगा.

काकांचं म्हणणंही खरं आहे. २००८ मध्ये भारतात वेगाने चेंडू फेकणाऱ्यांची एक स्पर्धा झाली. त्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पुढे आले, दोघेही भालाफेकपटू. आयपीएलचा रिंकू सिंग वेगळा. पायरेट्सने दोघांशी करार केला आणि २००९ मध्ये ते फ्लोरिडातल्या नवशिक्यांच्या लीगमध्ये खेळले. दिनेश पुढच्या वर्षाअखेर घरी परतला. रिंकू डावरा, तो वेस्ट व्हर्जिनियातल्या संघापर्यंत चढला, मग दुखापतींनी गाठलं. ज्यांनी आयुष्यात बेसबॉल पाहिला नव्हता, त्यांनी काही वर्षांत तिथवर जावं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता सहलीचं. ग्रिफिन फेब्रुवारीत ब्रॅडेंटनच्या सराव शिबिरात कसा खेळतो त्यावर सगळं ठरेल. त्याचे अल्टूनाला जेमतेम २१ सामने झालेत. माझ्या मते त्याला घाईने वर आणू नये, पण आणला तर मी पहिल्या दिवशी मैदानात असेन. म्हणून तिकीट आत्ता काढू नका. मार्चअखेर चारही संघांच्या याद्या येतात, त्या पाहून ठरवा. अल्टूना गाडीने दोन तासांवर, उजव्या बाजूच्या कुंपणामागे शेजारच्या बागेचा लाकडी रोलरकोस्टर दिसतो. सामन्याआधी लवकर पोचलात तर मुलं कठड्याशी चेंडू आणि मार्कर घेऊन उभी असतात, खेळाडू थांबून सह्या देतात. एकाच संघाशी मंगळवार ते रविवार सहा सामने असतात, सोमवारी सुट्टी. ठरावीक पिचर पाहायचा असेल तर मंगळवारचा सामना बघून पुढचे वार मोजता येतात.

धागाकर्ती

हे वाचून आमचं ठरलं. ग्रिफिन असो वा नसो, मेमध्ये अल्टूना नक्की. लेकाचा शेवटचा प्रश्न: २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलेला सेथ हर्नांडेझ कधी दिसेल?

प्रतिसाद (इंडियानापोलिस)

तो कॅलिफोर्नियातल्या शाळेतून आलेला पिचर आहे, त्याला वेळ द्यावा लागेल. त्या वयाच्या पिचरला संघ सुरुवातीला मोजक्याच इनिंग टाकू देतात. आपला जॅरेड जोन्सही असाच शाळेतून आला, २०२४ मध्ये वर पोचला, छान टाकत होता, आणि २०२५ च्या मेमध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. म्हणून हर्नांडेझची तारीख मी सांगणार नाही. लेकाला म्हणावं, ब्रॅडेंटनच्या सामन्यांचे स्कोअरकार्ड रोज येतात, त्यात स्ट्राइकआऊटच्या शेजारचा वॉकचा रकाना आधी बघ. मेमध्ये कुठल्या शनिवारी जाताय ते इथे लिहा. आम्हीही पोरांना घेऊन येऊ, दोन गाड्या होतील.