घडीच्या भारी चाकूची मूठ: जी-टेन, मायकार्टा का टायटॅनियम? बागेत वापरणाऱ्यांनी सांगा

द्राक्षवाला_तासगाव

राम राम मंडळी. भाचा दिवाळीला अमेरिकेहून येतोय, फोनवर म्हणाला मामा काय आणू, मी म्हटलं चॉकलेटं नकोत बाबा, एक चांगला घडीचा चाकू आण. बजेट चारशे डॉलर (घरात दोनशे सांगितलंय, इथं कोण ओळखीचं असेल तर गप बसा).

पात्याच्या स्टीलवर इतकं वाचलं की डोकं आउट झालंय, पण मुठीबद्दल कोण नीट बोलतच नाही. सगळे "ग्रिप मस्त आहे" एवढं लिहून पुढं जातात. अरे मस्त म्हणजे काय, किती वेळ मस्त?

माझा वापर असा, ठिबकची १६ एमएमची लॅटरल (पाण्याची नळी) कापणे, सुतळी, पोती, पेट्यांचा पुठ्ठा, बागेत फिरताना घड कापून चव बघणे, आणि फेब्रुवारीपासून बेदाण्याच्या शेडवर जे पडेल ते. ऑगस्टात डॉगरिजच्या खुंटावर कलमं बांधायला वेगळा चाकू आहे, त्याचं काम याला लावणार नाही.

आता अडचण. एका मित्राकडं जी-टेनच्या मुठीचा महागातला चाकू आहे, तो एक दिवस वापरायला घेतला. पहिल्या पाच मिनिटात वाटलं काय पकड आहे राव, हाताला चिकटूनच बसलाय. अर्धा तास लॅटरल कापल्यावर तर्जनीच्या खाली टरटरून फोड. घट्टे पडलेला हात आहे माझा, खुरपं कोयता सगळं धरलंय, तरी. वर त्याच्या पँटीचा खिसा दाखवला त्यानं, चाकू खिशाला अडकवायची क्लिप असते तिच्या जागी कापड असं झिजलंय जसं काय कोणी रोज कानस मारतंय. दुसऱ्या एकाकडचा कार्बन फायबरचा बघितला, दिसायला नाद खुळा पण हात ओला केला की साबणाची वडी.

तर मधलं काय आहे का?

---

कुपवाड_टर्नर

दादा आधी मटेरियल समजून घ्या, मग अर्धं कोडं सुटतंय. मी एमआयडीसीत आहे, हौस म्हणून मुठी बनवतो.

जी-टेन म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड इपॉक्सीत दाबून केलेली शीट. इलेक्ट्रॉनिक्सचा सर्किट बोर्ड असतो ना, त्याच्याच घरातली. मायकार्टा म्हणजे तीच आयडिया पण काचेऐवजी सुती कापड, लिनन नाहीतर कागद, आणि इपॉक्सीऐवजी फिनॉलिक रेझिन. वेस्टिंगहाऊस कंपनीनं १९१० च्या आसपास विजेच्या कामासाठी काढलं ते. आणि तुम्ही ते बघितलंय, फक्त नाव माहीत नाही. मोटार रिवायंडिंगवाल्याकडं तपकिरी "हायलम" शीट असते बघा, त्यातली कापडाच्या बेसची जी येते ती मायकार्टाची चुलत बहीणच. मी पहिली मूठ त्याच्या भंगारातल्या तुकड्यातून केलेली, अजून वापरतोय.

आता फरक कुठं पडतो तर, काच पाणी पीत नाही आणि मऊ पण पडत नाही. जी-टेनची खरखर म्हणजे काचेच्या विणीचे बारीक उंचवटे, ते तुमच्या कातड्यापेक्षा कडक, घासलं की कातडंच हरणार. मायकार्टात सुती धागा आहे, घासून घासून त्याची लव वर येते, घाम तेल थोडं पिते, रंग काळपट होतो, आणि गंमत म्हणजे ओल्या हाताला कोरड्यापेक्षा जास्त पकड देते. कोरडी असताना हातात घेतली तर म्हणाल ह्यात काय विशेष, गुळगुळीत तर आहे. मात्र पॉलिश करून आणलेला मायकार्टा घेऊ नका, त्याची लव मेलेली असते, तो आणि प्लॅस्टिक सारखंच.

आणि जी-टेन टाकून द्यायचं कारण नाही. ४०० नंबरचा वॉटर पेपर घ्या, पाण्यात बुडवून नुसता क्लिपखालचा पट्टा आणि तर्जनी बसते ती कड हलक्या हातानं घासा. टेक्स्चर अर्धंच मारायचं, सगळं नाही. खिसा वाचतो आणि फोड पण येत नाही. पण पाण्यातच घासा आणि तोंडाला मास्क लावा, काचेची धूळ आहे ती, कोरडी उडवली तर छातीत जाते. आमच्याकडं एकानं घाईत कोरडंच ग्राइंडरला लावलं आणि दोन दिवस अंग खाजवत बसला.

---

घाटवाट_सातारा

टर्नर भाऊंचं सगळं बरोबर आहे पण मला वाटतं सगळे टेक्स्चर टेक्स्चर करतायत आणि दुखतंय ते भलत्याच कारणानं. दादा तुमचा फोड कुठं आला? तर्जनीच्या खाली. तिथं खरखर लागली का मुठीची कड लागली? सपाट शीटच्या मुठी असतात त्यांची कड नुसती चाळीस-पंचेचाळीस अंशात थोडीशी मारलेली असते, नीट गोल केलेली नसते. जोर लावला की ती कड रुतते. आणि दुसरी गोष्ट क्लिप. दुकानात दोन मिनिट धरून कळत नाही, पण जोरात काही कापायला लागलं की क्लिपचं टोक बरोबर तळहाताच्या गादीत टोचतं. माझ्या अनुभवात दहातल्या सात तक्रारी क्लिपच्या असतात आणि लोक शिव्या घालतात जी-टेनला.

मी डोंगरातला माणूस, माझं गणित वेगळं. बेंचमेड कंपनीचा बगआउट चाकू आहे माझ्याकडं, ५२ ग्रॅम सगळा मिळून, खिशात आहे हे पण विसरतो. ग्रिव्हरीची मूठ, म्हणजे नायलॉनच्या जातीचं. पातळ आहे त्यामुळं मोठ्या हाताला पोकळ वाटतो, तुमच्या लॅटरलला दिवसभर नको, पण चढावर एक एक ग्रॅम मोजणाऱ्याला बेस्ट.

अॅल्युमिनियमच्या मुठी घेऊ नका असं नाही, पण डिसेंबरात सकाळी सहाला महाबळेश्वरात धरून बघा, बर्फाची कांडी. टायटॅनियम त्या मानानं एवढं गार लागत नाही, कारण अॅल्युमिनियम उष्णता त्याच्या वीसपटीपेक्षा जास्त वेगानं खेचून घेतं. लोक म्हणतात धातू तो धातू, तसं नाही.

लाकडाची मूठ हाताला सगळ्यात गोड, त्यात वाद नाही. पण आमच्याकडचा पाऊस. बीच लाकडाची मूठ जून महिन्यात फुगते आणि पातं आतच अडकून बसतं, मी एकदा कास रोडला दातानं ओढून पातं काढलंय, बायको बघत होती, तिला वाटलं ह्याला काहीतरी चावलं.

---

द्राक्षवाला_तासगाव

घाटवाट भाऊ, तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता परत जाऊन बघितलं, फोड बरोबर कडेच्या रेषेत आहे. आडवा, लांबट. खरखरीचा असता तर गोल आला असता का? म्हणजे मी उगाच बिचाऱ्या टेक्स्चरला दोष देत होतो.

पण एक गोष्ट राहिली सांगायची. बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं डिपिंग ऑइलमध्ये बुडवून काढतो आम्ही, पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटचं पाणी. साल लवकर सुकायला. ते हाताला लागलं की चहाचा कप पण निसटतो. त्यावर द्राक्षाचा चिकट रस. म्हणजे आधी बुळबुळीत आणि सुकलं की गोंद. अशा हातानं गुळगुळीत टायटॅनियम धरायचं म्हणजे अवघड वाटतंय. ती टायटॅनियमच्या मुठीची सेबेन्झा कोणी वापरलीय का? सगळे तिचंच नाव घेतात.

---

कुपवाड_टर्नर

छोटी आहे माझ्याकडं, सेकंडहँड घेतलेली. ती बनवणारे ख्रिस रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, नंतर अमेरिकेत आयडाहोला गेले. सेबेन्झा हा झुलू भाषेतला शब्द, अर्थ "काम". टायटॅनियमच्या मुठीचाच एक पट्टा चिरून त्याचं पातं उघडं धरणारं लॉक करायचं ही त्यांची आयडिया, आज जगभर फ्रेम लॉक म्हणून चालतंय.

आता मुठीबद्दल खरं सांगतो. वाळूचा मारा देऊन मॅट केलेली आहे, हाताला खडूसारखी लागते. कोरड्या हाताला ठीक, कडा मात्र अशा गोल केल्यात की तासभर धरली तरी कुठं बोचत नाही. ती कारागिरी बघायची असेल तर ह्यात बघा. खिशात किल्ल्या नाणी असतील तर मॅटवर चमकदार रेघा उमटतात, आठवडाभर जीव जळतो नंतर सवय होते. तेलकट हाताला मात्र तुमची शंका खरी, निसटत नाही पण विश्वास बसत नाही, माणूस आपोआप जास्त आवळतो आणि मनगट दुखतं. मायकार्टाचा तुकडा बसवलेली सेबेन्झा ३१ येते, ती चांगली, पण तुमच्या चारशेच्या बाहेर गेली.

तुम्ही रविवारी कुपवाडला या की. माझ्याकडं तीन आहेत, लॅटरल तुम्ही आणा, चहा माझा.

---

मिरजेचा_जवारीवाला

चाकूतलं मला काही कळत नाही, घरात तंबोऱ्याचं काम आहे, पण वाचता वाचता राहवेना. जवारी लावताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवताना, आम्ही तासन्‌तास कानस धरून बसतो. कानस स्वतः एवढी खरखरीत, पण तिच्या मुठीला कधी खरखर बघितलीय का? गोल, गुळगुळीत, मधे जरा फुगीर लाकूड. रंधा बघा, पटाशी बघा, तुमचा कलमाचा चाकू बघा. दिवसभर हातात राहणाऱ्या एकाही हत्याराला दाते पाडलेली मूठ नसते, कारण पकड आकारातनं येते, फुगीर भाग तळहातात बसला की हात आवळावा लागत नाही. खरखर हवी ती मिनिटभर वापरून खिशात टाकायच्या वस्तूला.

आणि लाकडाची मूठ केलीच तर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश मारू नका, तंबोऱ्याला शोभतं ते, हातातल्या घामानं चिकट होतं आणि पांढरं पडतं. शिसवी घ्या, जवसाचं तेल चार-पाच वेळा बारीक फडक्यानं मुरवा, प्रत्येक वेळी पूर्ण सुकू द्या. तुणाचं लाकूड आमच्या डांडीला चालतं, मुठीला मऊ पडेल.

---

कराडकर_७७

सगळे मुठीत अडकलेत म्हणून मी आपलं पोलिसाचं काम करतो. भाच्याला सांगा चाकू चेक-इन बॅगेत टाक, खिशात विसरलास तर विमानतळावरच ठेवून यावा लागेल. शस्त्र नियमात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं बघतात, हे घडीचे चाकू साडेतीन इंचात संपतात. पण सणाला निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ लागू होतं, हत्यार बाळगायला बंदी असते, तेव्हा चाकू बागेतच ठेवा, एसटी स्टँडवर हवालदाराला मायकार्टा समजावत बसू नका. आणि खटका दाबून उघडणारा चुकून पण मागवू नका.

(मूठ म्हणाल तर माझ्याकडं व्हिक्टोरिनॉक्सचा अॅलॉक्स आहे, बारीक ठसे पाडलेलं अॅल्युमिनियम, खिसा फाडत नाही, हात फाडत नाही, विषय संपला.)

---

द्राक्षवाला_तासगाव

रविवारी जाऊन आलो. रिपोर्ट देतो.

जुनी लॅटरल नेली होती, प्रत्येक चाकूनं चाळीस तुकडे, आणि बाटलीतनं डिपिंग ऑइल पण नेलं, टर्नर वहिनी म्हणाल्या हे काय चाललंय तुमचं दोघांचं.

सेबेन्झा कोरड्यात एक नंबर, चाळीस तुकड्यांनंतर हातावर खूण पण नाही. तेल लावल्यावर बाराव्या तुकड्याला मीच थांबलो, भाऊ म्हणाले तसंच, मूठ सरकली नाही पण माझा अंगठा पांढरा पडला होता आवळून. त्यांची हायलमची घरगुती मूठ, दिसायला एकदम भंगार, तेलात सगळ्यात भारी. त्यात मधला फुगवटा आहे, जवारीवाले म्हणाले तोच. तिसरा स्पायडर्कोचा पॅरामिलिटरी २, जी-टेनचाच, पण ह्याची कड भाऊंनी आधीच पाण्याच्या पेपरनं मारलेली. पात्याच्या मुळाशी तर्जनीसाठी खाच आहे, बोट तिथं बसलं की हात पुढं सरकायचा प्रश्नच नाही, तेल असो नसो. क्लिप मात्र टोचली, पंचविसाव्या तुकड्याला. मग स्क्रू काढून क्लिप टेबलावर ठेवली आणि उरलेले पंधरा आरामात कापले.

तर भाच्याला पॅरामिलिटरी सांगितलाय, बजेटच्या साधारण निम्म्यात बसतोय, म्हणजे घरात सांगितलेला आकडा पण खरा ठरला. आला की पहिल्या दिवशी कुपवाडला नेऊन कड मारून घेणार आणि क्लिप काढून डब्यात टाकणार. नव्या कोऱ्या चाकूला पॉलिश पेपर लावणार हे भाच्याला अजून बोललो नाही.

---

कुपवाड_टर्नर

डबा माझ्याकडंच आहे, त्यात आधीच चार क्लिपा पडल्यात. येताना बेदाणे आणा.